तंबाखूवाल्यांचा दर

विम्याचा टर्म प्लॅन घ्यायचा, हे घरात मी ठरवलं. चारकोपचं आमचं वन-बीएचके कर्जावर घेतलेलं, हप्ता माझ्या आणि नवऱ्याच्या पगारातून मिळून जाणारा, मुलगी नववीत, सासूबाई आमच्याकडेच. दोनातला एक पगार बंद पडला तर काय होईल, हे कळायला फार हुशारी लागत नाही. मी अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. म्हटलं, दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांची काळजी करते, एकदा आपलंही बघू.

एका रविवारी जेवणं झाल्यावर मोबाइलवर वेगवेगळ्या कंपन्यांचे दर एकाखाली एक दाखवणारी साइट उघडली. वय, पगार, किती रकमेचा विमा, कितव्या वर्षापर्यंत. आधी माझं भरलं, मग नवऱ्याचं. तिथे प्रश्न आला: तंबाखू, सिगारेट वगैरे घेता का?

नवरा समोर खुर्चीत बसून तंबाखू मळत होता. चुना लावायचा, अंगठ्याने घोळायचं, दोन थापट्या मारायच्या, भुकटी फुंकरीने माझ्या नुकत्याच पुसलेल्या लादीवर उडवायची आणि चिमूट खालच्या ओठात सरकवायची. लग्न झाल्यापासून बघतेय. मी 'हो' दाबलं.

"हो काय टाकतेस?" तो मान वाकवून बघत म्हणाला. "मी काय सिगरेट पितो?"

"तंबाखू लिहिलंय इथे."

"ते गुटखावाल्यांसाठी गं. आपली साधी आहे."

नुसतं बघावं म्हणून मी परत मागे जाऊन 'नाही' दाबलं. सगळे आकडे धाडकन खाली आले. कंपनी-कंपनीतला फरक किरकोळ होता, महिन्याच्या भाजीइतका. पण 'हो' आणि 'नाही' यांतला फरक जवळजवळ दीडपट. म्हणजे मी तासभर या कंपनीची त्या कंपनीशी तुलना करत बसले होते ते फुकटच. खरी किंमत ठरत होती ती त्याच्या ओठातल्या चिमटीने.

मला त्या चिमटीची किळस आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बेसिनच्या जाळीत अडकलेले तपकिरी कण, उशीच्या अभ्र्यावरचे डाग, बोलताना हनुवटी वर करून तोंडातली थुंकी सांभाळायची ती तऱ्हा. सासूबाई स्वतः मिश्री लावतात, त्यामुळे या विषयात त्यांचा मला पाठिंबा नाही. "आमच्या घराण्यात कोणाक काय झाला नाय," असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन कशाचं झालं होतं ते सोयीस्कर विसरतात.

त्या साइटवर फोन नंबर दिला ही माझी चूक. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. सगळे आवाज गोड, सगळ्यांना माझ्या कुटुंबाची माझ्यापेक्षा जास्त चिंता. एका बाईने मला ऑफिसात फोन करून विचारलं, "मॅडम, उद्या सर नसतील तर तुमच्या मुलीच्या चेहऱ्याकडे तुम्ही कशा बघाल?" मी फोन कट केला. मग तिने मेसेज केला, त्यात एक हसरं चित्र होतं.

फोनना वैतागून नवरा म्हणाला, "सोड हे ऑनलाइन. आपला घरचा माणूस आहे ना."

घरचा माणूस म्हणजे त्याचा मावसभाऊ. मुलुंडला राहतो, विम्याचं काम करतो. पुढच्याच शनिवारी तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. सासूबाईंच्या पाया पडला, चहा घेतला आणि मी छापून ठेवलेले दर नुसते चाळून बाजूला ठेवले.

"वहिनी, हे तंबाखूचं 'हो' का केलंत?"

"कारण खातात म्हणून."

तो हसला. लहान मुलाला हसतात तसं. "वहिनी, कोणी लिहीत नाही हो. अख्ख्या मुंबईत कोणी लिहीत नाही. मी आजपर्यंत केलेल्या पॉलिसींत असा शहाणा एकसुद्धा भेटला नाही."

"आणि तपासणी?"

"त्याची सोय असते. रक्तात साखर, कोलेस्टेरॉल वगैरे बघतात. तंबाखूचं लघवीत कळतं. घरी येतात सॅम्पल घ्यायला, कप देतात, माणूस बाथरूममध्ये जातो. आत कोण बघायला येतं?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुझा धाकटा काही खात नाही ना?"

नवऱ्याचा धाकटा भाऊ मानखुर्दला राहतो. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, रोज जिमला जातो. नवरा हसायला लागला. मला आधी कळेना. कळलं तेव्हा छापलेले दर मी पुन्हा त्याच्यापुढे सरकवले.

"आणि नंतर क्लेम नाकारला तर?" मी विचारलं.

"पहिली तीन वर्षं काढायची फक्त. मग कंपनी फारसं उकरत नाही. काय दादा, तीन वर्षं तरी टिकशील ना?"

दोघं खो खो हसले. नवऱ्याने टाळी दिली. माझ्यासमोर, माझ्या घरात, तो किती वर्षांनी मेला तर परवडेल यावर ते टाळ्या देत होते, आणि मी त्यांना चिवडा आणून दिला होता. मी बशी उचलून आत नेली. मावसभाऊ म्हणाला, "अरे, अजून खात होतो ना."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की हे होणार नाही. तो म्हणाला, "बरं बरं." त्याचं "बरं बरं" म्हणजे काहीच नसतं, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात फॉर्म भरला गेला, माझाही आणि त्याचाही. माझं मी स्वतः केलं. त्याचं मावसभावाने मुलुंडला बसून केलं. सॅम्पल घ्यायला बाई रविवारी सकाळी येणार, दोघांची तपासणी एकदमच होणार, असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी धाकटा दीर अचानक भेटायला आला. मानखुर्दहून चारकोपला माणूस सहज म्हणून येत नाही, तरी मी मूर्खासारखी खूश झाले. त्याला आवडतात म्हणून घावणे केले. तो माझ्याकडे न बघता खात होता. "काय रे, बरं नाही का?" विचारलं तर म्हणाला, "नाही वहिनी, थोडी धावपळ." जेवून लगेच निघाला.

रविवारी सकाळी मी उपाशीपोटी, तपासणी होईपर्यंत चहासुद्धा नाही, अशी चिडचिडत कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली.

"गो, गाळणी खंय ठेवलंस?"

"कशाला हवी?"

"ह्या लिंबाचा सरबत फ्रीजात कोणी ठेवला? साखर घातलेली दिसत नाय."

मी आत गेले. त्यांच्या हातात पाण्याची एक छोटी बाटली होती. ती फ्रीजच्या दारात, कोकमच्या आगळाच्या बाटलीमागे, काळ्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली होती. पिशवी ओट्यावर पडली होती. झाकण त्यांनी उघडलं होतं आणि स्टीलचा पेला पुढे ओढला होता.

मी त्यांचा हात धरला. वास आला तसं त्यांनीच बाटली नाकापासून लांब केली आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्या काय असा गो?"

"तुमच्या धाकट्याची लघवी आहे," मी म्हटलं.

त्या बाईने आयुष्यात पुष्कळ पाहिलंय. गिरणी बंद पडलेली पाहिली, तीन पोरं एका खोलीत वाढवली. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांना धरून स्टुलावर बसवावं लागलं. मग त्यांनी थोरल्या मुलाला हाक मारली. इतक्या मोठ्याने, की शेजारचं दार उघडलं.

नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. बाटली बघून पहिलं वाक्य काय बोलला असेल? "उघडली कशाला? खराब होईल ना!"

मी बाटली उचलली, संडासात ओतली, दोनदा फ्लश केलं आणि बाटली पिशवीसकट कचऱ्यात टाकली. फ्रीजच्या दारातलं सगळं काढून ओट्यावर ठेवलं. आगळ, लोणचं, मुलीचा सॉस. सगळं फेकून द्यावंसं वाटत होतं. साबणाने हात धुतले, तरी हातांना काहीतरी चिकटलंय असं वाटत राहिलं.

"तुझी अक्कल कुठे आहे?" नवरा ओरडला. "वर्षाला केवढे पैसे वाचत होते, माहितीय? आता ती बाई येईल अर्ध्या तासात."

"येऊ दे."

"अगं, सगळे करतात!"

मला खरं तर ओरडायचं होतं, पण शेजारचं दार अजून उघडं होतं. मी हळूच म्हटलं, "तू खोटं बोलशील आणि मरशील. तुझं काय जाणार? नंतर त्या कंपनीच्या ऑफिसात मी उभी असेन. ते विचारतील, हा माणूस तंबाखू खायचा का? तेव्हा मी काय सांगू? माझ्या दिराची लघवी दिली होती म्हणून सांगू? तुझ्या मुलीच्या फीसाठी?"

सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "मेल्या, माझ्या तोंडाक लावूक निघालंस ता." त्यांना विमा, क्लेम वगैरे काही कळलं नव्हतं. पण घरात माझ्या बाजूने कोणी बोललं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तपासणीवाली मुलगी आली. खांद्याला मोठी बॅग, घाटकोपरहून आली होती, आमच्यानंतर तिला आणखी तीन घरं करायची होती. तिने ओळखपत्रं पाहिली, फोटो काढले, आधी माझं रक्त घेतलं. कप दिला. मग नवऱ्यापुढे दुसरा कप धरला.

"सर, जाऊन या."

नवरा कपाकडे बघत बसला. "आज नको," तो म्हणाला. "पुन्हा कधीतरी."

"सर, मग नवीन अपॉइंटमेंट घ्यावी लागेल."

सासूबाई आतून ओरडल्या, "जातंस की येव मी?"

तो गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा कप त्याने असा पुढे केला, जसा काही कोणी तो त्याच्याकडून हिसकावून घेतोय. त्या मुलीने लेबल लावलं, बॅगेत ठेवलं आणि आम्हाला दोघांना एकाच आवाजात थँक्यू म्हणून निघून गेली.

सोमवारी मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत कंपनीला फोन लावला. फॉर्ममध्ये चुकून 'नाही' गेलंय, ते बदलायचंय, असं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, अर्जदारानेच सांगावं लागेल. म्हणजे पुन्हा नवऱ्याची विनवणी. त्याने दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर फोन करून सांगितलं, "हो, खातो. रोज." फोन ठेवल्यावर म्हणाला, "झालं समाधान?" मला समाधान वगैरे काही वाटलं नाही. आपल्या माणसाने आपल्याबद्दल एवढं खरं सांगायला आपण हात जोडावेत, याचाच वीट आला होता.

कंपनीचं उत्तर आलं. विमा मिळेल, पण तंबाखूवाल्यांच्या दराने. मावसभावाचा फोन मला आला.

"वहिनी, माझ्या धंद्याची पार वाट लावलीत तुम्ही. कंपनीत आता माझं नाव खराब झालं. आधी 'नाही' लिहिलं, मग 'हो'. संशय येतो ना त्यांना."

"यायलाच हवा."

"तुमच्या भल्यासाठीच करत होतो."

"तुमच्या घरचा विमा काढलाय का हो तुम्ही?" मी विचारलं. तो म्हणाला, दुसरा फोन येतोय. तेव्हापासून कुठल्या लग्नात भेटला तर मी नमस्कार करते, ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर बसते.

दिराशी मात्र मी भांडले. तो रडवेला झाला. "वहिनी, दादा म्हणाला तर नाही कसं म्हणू?" मला त्याचंही वाईट वाटलं नाही. तिशी ओलांडलेला माणूस, मोठ्या भावाने बाटली पुढे केली की भरून देतो, वर माझ्या हातचे घावणे खाऊन जातो. महिनाभर मी त्याचा फोन उचलला नाही.

नवऱ्याने तो चढा हप्ता भरायला आधी साफ नकार दिला. "त्या पैशात मी सोन्याचं नाणं घेईन," म्हणाला. मग मी माझी पॉलिसी त्याच्यासमोर ठेवली. बाई, निर्व्यसनी, वयाने त्याच्याहून लहान. माझा दर त्याच्या निम्म्याच्या आसपास. "ठीक आहे," मी म्हटलं, "मी मेले तर तुमची सोय झाली. तू मेलास तर आमची नाही. एवढंच मुलीला सांगून ठेव." त्याने रागारागाने कार्ड काढलं आणि पैसे भरले.

कंपनीने सांगितलं होतं की पूर्ण एक वर्ष तंबाखू सोडली, तर पुढे नव्याने अर्ज करून स्वस्त दर मागता येईल. त्याने सोडली. दिवाळीपर्यंत बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, घरातल्या सगळ्यांवर खेकसला. दिवाळीनंतर खिशात पुन्हा पुडी सापडली. मी ती त्याच्यासमोर ठेवली. त्याने उचलून परत खिशात घातली. किंमत तर भरलीच आहे, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

दिवाळीच्या आधीच, त्याच्या पॉलिसीचे कागद आले तेव्हा मी मुलीला शेजारी बसवून सगळं दाखवलं. पॉलिसी नंबर कुठे, फोन कुठे करायचा, वारस म्हणून कोणाचं नाव आहे. तिने नीट ऐकलं. मग बोट ठेवून विचारलं, "म्हणजे बाबा गेले की एवढे येणार?"

"हो."

"आणि तू गेलीस की एवढे?"

"हो."

"शी," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मी कागद गोळा केले आणि कपाटात ठेवले.