तीन ठिकाणी माझंच नाव

शेतीच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर तीन ठिकाणी ठेवलेला आहे. कृष्णेचं पाणी पंपानं उचलून पूर्वेकडच्या कोरड्या गावांना देणाऱ्या काही पाणीसंस्था तो वापरतात. तो कुणालाही फुकट घेता येतो, त्याचा कोड वाचता येतो, सुधारता येतो. तिन्ही ठिकाणी तो माझ्या नावावर होता. त्यातला ज्याला अर्थ आहे तो भाग मी लिहिलेला नाही. ज्यांनी लिहिला त्यांचं नाव मी माझ्या हातानं पुसलं. हे सांगायला मला नऊ वर्षं लागली आणि आज वय अडुसष्ट आहे, त्यामुळे प्रस्तावना पुरे.

कराडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. तो भाग लिहिणाऱ्या बाई आमच्याकडे प्रयोगशाळा सहायक होत्या, त्याही हंगामी. शिक्षण बारावी आणि संगणकाचा एक कोर्स. गाव औंधच्या पलीकडं. घरात पूर्वीपासून मेंढरं. उपशाचं पाणी आल्यावर वडिलांनी मेंढरं कमी केली आणि ते पाटकरी झाले. पाटकऱ्यानं पाटाची दारं उघडायची, कुणाचं पाणी किती वेळ ते बघायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या.

प्रोग्रॅम मी सुरू केला होता. शेतकऱ्यांची यादी, प्रत्येकाचं क्षेत्र, त्यावरून तास. साधा भागाकार. मी तो मोठ्या ऐटीत पडद्यावर दाखवला तेव्हा मागं उभ्या असलेल्या बाई हसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवं सर, ह्यात लाईट जातच न्हाई."

"म्हणजे?"

"निम्म्या पाळीत लाईट गेली, मोटर बंद पडली. पाट रिकामा झाला. लाईट आल्यावर पाट परत भरायला तास जातो. तो तास कुणाच्या नावावर टाकणार? शेवटाला ज्याचं रान हाय त्यानं काय नुसतं बघत बसायचं?"

बाईंनी मग स्वतःच ते लिहायला घेतलं. वडिलांना फोन करून विचारायचं, भांडणं कशी मिटवता ते ऐकायचं आणि कोडमध्ये उतरवायचं. मोडलेली पाळी कुठून जोडायची, भरणीचा तास सगळ्यांत कसा वाटायचा, रात्रीचं पाणी सलग दोनदा एकाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं त्यांचं. संस्था प्रोग्रॅम वापरायला लागल्या त्या ह्या भागामुळे.

आम्ही कोड गिटमध्ये ठेवत होतो. गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. काय बदललं, केव्हा, कुणी. बाईंच्या प्रत्येक बदलावर त्यांचं नाव आणि ई-मेल होता. त्याबद्दल त्या काटेकोर होत्या. प्रयोगशाळेतल्या संगणकावर माझं नाव भरलेलं असायचं, ते बदलल्याशिवाय त्या एक ओळ लिहीत नसत.

मग एके दिवशी, कोड जिथं ठेवला होता त्या सेवेनं आमचं खातं कुलूपबंद केलं. कारण सांगितलं नाही. मी पत्रं लिहिली, यंत्रानं उत्तरं पाठवली. ऐन आवर्तनात, पाणी सुटलेलं असताना, संस्थांचे फोन सुरू. "सर, तुमचं ते उतरून घ्यायला गेलं तर पान सापडत न्हाई म्हणतंय. लोकं दारात बसल्यात." आठवड्यानं खातं जसं बंद झालं तसंच उघडलं, तेही न सांगता. मी चिडलो होतो. ठरवलं की एका जागेवर विसंबायचं नाही, आणखी दोन सेवांवर हुबेहूब प्रती ठेवायच्या. ह्याला मिरर करणं म्हणतात. एक जागा बंद पडली तर दुसरी चालू.

बाई तेव्हा रजेवर होत्या. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि गावात फोन लागत नव्हता. चार दिवसांनी येणार होत्या. मी थांबायला हवं होतं.

एका नव्या सेवेनं प्रत घेतली. दुसरी घेईना. तिचा नियम असा की ज्या ज्या ई-मेलनं बदल केलेत ते सगळे तिच्याकडे नोंदलेले हवेत. बाईंचा नव्हता. मी पाठवायचं, तिनं नाकारायचं. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मला एक आज्ञा, म्हणजे कमांड, सापडली, जिच्यानं गिटच्या सगळ्या जुन्या नोंदींतलं नाव बदलता येतं. मी बाईंच्या नावाच्या जागी माझं घातलं.

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, हे मला खरंखरं लिहायचं आहे. महाविद्यालयात डेड स्टॉक रजिस्टर असतं. विभागातली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक संगणक, भिंतीवरचा पंखासुद्धा प्रमुखाच्या नावावर चढवलेला असतो. खुर्चीवर कोण बसतं ह्याच्याशी त्या वहीचा संबंध नसतो. कोडही विभागाचाच, तो माझ्या नावावर चढला तर काय बिघडलं, अशी माझी समजूत. शिवाय हे तात्पुरतं होतं. मग मी तीच बदललेली प्रत तिन्ही जागी ढकलली. ढकलायच्या आज्ञेचं काम असं की समोरच्या जागेवर जे वेगळं दिसेल ते पुसून ती आपल्यासारखी करायची. मूळ जागेवरचं बाईंचं नावही पुसलं गेलं. सगळीकडे हिरवी खूण आली आणि मी चहा मागवला.

बाई परत आल्या. काही बोलल्या नाहीत. मीही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात स्नेहसंमेलन आलं आणि ह्याच प्रोग्रॅमसाठी माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. आता सांगायचं म्हणजे शाल परत करायची.

पुढच्याच महिन्यात बाई पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला गेल्या. तिथल्या माणसानं समोर प्रोग्रॅमचं पान उघडलं आणि म्हणाला, यात तुमचं नाव कुठं आहे? नव्हतं. शोधलं तरी नव्हतं. नोकरी अर्थातच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"सर, माझं नाव कुठं गेलं?"

मी म्हणालो, "मिरर करताना त्या सेवेनं घोळ घातला असणार. बघतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. वर्ष संपल्यावर त्या सोडून गेल्या. मी कधीच बघितलं नाही.

गेल्या वर्षी विट्याकडच्या एका संस्थेच्या नव्या सचिवाचा फोन आला. मोडलेल्या पाळीत एक चूक येत होती. "तुमीच लिवलंय न्हवं, सर? मग कसं चालतं तेवढं सांगा की." मी तो भाग उघडला. दोन तास वाचला. मला तो कळला नाही. माझ्या नावाचा कोड मला कळत नव्हता आणि पलीकडं माणूस फोन धरून बसला होता.

त्या दिवसापासून मी दुरुस्तीच्या मागे लागलो, आणि त्यातही भ्याडपणा केला. नाव परत घालायला जुन्या नोंदी असलेली मूळ प्रत हवी होती. ती बाईंच्या लॅपटॉपवर असणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ती मागायची म्हणजे कबूल करायचं. म्हणून मी बाईंना टाळून बाकी सगळीकडे शोधत बसलो. महाविद्यालयात गेलो, तर संगणक लिलावात गेलेले. घरातले पेनड्राइव्ह काढले, एकात नातवाची गाणी, एक उघडतच नाही. विट्याच्या संस्थेत पहिल्यांदा बसवलेला संगणक तरी असेल म्हणून उन्हात एसटीनं तिथवर गेलो.

"आवं, ते डबडं?" तिथला शिपाई म्हणाला. "ते कवाच भंगारात गेलं. त्याचा पंखा तेवढा काढून ठेवलाय, बघायचा का?"

तो पंखा मी खरोखर बघितला. परतीच्या एसटीत मला माझाच इतका संताप आला की मधेच उतरावंसं वाटलं.

शेवटी पुसेसावळीवरून औंधला आणि तिथून वडापच्या जीपनं बाईंच्या गावी गेलो. बाई आता दूध संकलन केंद्राच्या संगणकावर बसतात. घरी नेलं. ओसरीवर वडील होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं.

बाई म्हणाल्या, "मला ठावं हाय, सर."

"कधीपासून?"

"रजेवरनं आले त्याच दिवशी. लॅपटॉप जोडला तर गिट म्हणालं, समोरची सगळी नोंद बदललीया. खात्याची किल्ली आपल्या दोघांकडंच होती. मी तर इथं आबांच्या डोळ्यात थेंब घालत हुते."

"मग बोलला का नाही?"

"आदी वाटलं, तुमी परत घालाल. मग विचारलं की तुमाला. तुमी सेवेचं नाव सांगितलं. हंगामी बाईनं साहेबाला खोटं ठरवायचं?"

ओसरीवरनं वडील म्हणाले, "हेच व्हय तुझं सर?" आणि मग माझ्याकडे वळून, "आवं, पाटावर एकाची पाळी मी दुसऱ्याच्या नावानं लिवली असती तर लोकांनी माझं टकुरं फोडलं असतं. तुमाला तर शाल दिली म्हणं."

ते बोलणं चटणीसारखं झोंबलं, पण खोटं काय होतं त्यात?

बाईंनी कपाटातून जुना लॅपटॉप काढला. प्रत होती. मी हात पुढं केला तर त्यांनी झाकण मिटलं.

"असं न्हाई. नुसतं नाव परत घातलं तर उद्या कुणीतरी म्हणंल बाईनंच गडबड केली. आदी तुमी लिवा, कुणी काय केलं ते. मराठीत, तुमच्या सहीनं. ते कोडाच्या शेजारी ऱ्हाऊ दे. मग नाव."

मी तिथंच बसून लिहिलं. त्यांनी वाचलं, 'अनवधानाने' हा शब्द खोडायला लावला आणि मग प्रत दिली.

दोन जागी आता बाईंचं नाव परत आलं आहे आणि शेजारी माझी कबुली आहे. तिसरी जागा, तीच नियमवाली, अजून तशीच आहे. ते खातं महाविद्यालयाच्या ई-मेलवर काढलेलं होतं. निवृत्तीनंतर तो ई-मेल बंद झाला, पासवर्ड बदलायचं पत्र त्याच ई-मेलवर जातं. सेवेला लिहिलं तर उत्तर येतं की खातेदाराच्या ई-मेलवरून संपर्क करा. ओळखपत्र पाठवलं, निवृत्तीचा दाखला पाठवला. तेच उत्तर. आणि बहुतेक संस्था तिथूनच प्रोग्रॅम घेतात, कारण जुन्या माहितीपत्रकात तोच पत्ता छापलेला आहे. तोही मीच छापून घेतला होता.

परवा बाईंचा फोन आला. "तिसऱ्याचं काय झालं?"

"तेच उत्तर देतायत."

"मग परत लिवा. आन् दुसरीकडं कुठंतरी पण लिवा, लोकं वाचतील असं."

म्हणून हे. त्यांचं नाव इथं घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, नको, ज्याला बघायचंय तो कोडात बघंल. तेव्हा तिसऱ्या जागेवरून प्रोग्रॅम घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की लाईट गेल्यावर पाळी जोडणारा सगळा भाग तिथं माझ्या नावावर असला तरी बाईंचा आहे. माझा आहे तो यादीचा आणि भागाकाराचा. यादी छापताना समास चुकतो, तोही माझाच.