साहेबांचा पगार

अकोल्याला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मावशींनी कुंपणापलीकडून आईला विचारलं, "बाई, सायबाले पगार किती भेटते?"

आम्ही पुण्याकडचे. आमच्यात पगार विचारणं म्हणजे कुणाच्या देवघरात चपला घालून शिरणं. आई कानापर्यंत लाल झाली, "मला नाही हो माहीत," म्हणाली आणि दोरीवरचे ओले कपडे तसेच काढून आत आली. मावशींना वाटलं, ही लपवतेय. त्या बाळापूरच्या, त्यांचे यजमान कापसाचे अडते. पगार, वय, लग्नात काय दिलं-घेतलं हे सगळं त्या पहिल्या चहालाच विचारत आणि स्वतःचंही तितकंच मोकळेपणी सांगत. त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटतच नसे.

मला तो प्रश्न फार आवडला, कारण आई खरं बोलत होती. एकोणीस-वीस वर्षं संसार करून तिला नवऱ्याचा पगार ठाऊक नव्हता. पहिल्या तारखेला बाबा घरखर्चाचे पैसे तिच्या हातात ठेवत. त्यापलीकडचं तिने विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही, असं कधी ठरलं होतं कोण जाणे.

बाबा सरकीच्या तेलाच्या कारखान्याचे मॅनेजर होते. बुडायला आलेला तो कारखाना सरकारने विकत घेऊन त्याची सरकारी कंपनी केली होती, आणि तो चालवायला बाबांना पुण्याच्या एका खाजगी कारखान्यातून आणलं होतं. सरकारी स्केल त्यांना लागू नव्हतं. जुना पगार कायम, आणि त्याची वाच्यता करायची नाही, असा करार होता.

"पण बाबा, आता मालक सरकार आहे ना?" मी एकदा विचारलं. "मग लोकांनी विचारलं तर सांगायला नको?"

"लोकांना काय करायचंय?" ते म्हणाले. विषय संपला.

माझा संपला नव्हता. मी तेव्हा इंटर सायन्सला होते आणि मला नागपूरला मेडिकलला जायचं होतं. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, "परवडत नाही. इथेच बी.एस्सी. कर." आता परवडत नाही म्हणजे किती परवडत नाही, हे आकडा कळल्याशिवाय कसं समजणार? दारात मोटार उभी, दिमतीला शिपाई, आणि परवडत नाही? मी मनातल्या मनात पुष्कळ हिशेब मांडले, पण पहिलीच रक्कम माहीत नसल्यावर पुढे काय सरकणार, कपाळ!

त्या हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात एका आमदाराने प्रश्न टाकला: अकोल्याच्या सरकारी कंपनीतल्या मॅनेजरला कलेक्टरपेक्षा जास्त पगार कोणत्या धोरणाने दिला जातो? मंत्र्यांनी सांगितलं, कारखाना नीट चालवायला बाहेरचा अनुभवी माणूस हवा, आणि तो पगार कमी करून येत नाही. मग त्यांनी आकडाच वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी पेपरात सगळं छापून आलं. मूळ पगार, भत्ता, बंगला, मोटार.

कॉलेजात दिवसभर दुसरा विषय नव्हता. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, लोकांचा पैसा आहे, सरकारी स्केलच हवं. फिजिक्सचे म्हणाले, कारखाना बुडाला तर लोकांचा जास्त पैसा जाईल. मला दोघांचंही पटत होतं. बाकी मुली माझ्याकडे बघत होत्या. मला लाज वाटायला हवी होती बहुतेक. मी मात्र बाकाखाली पेपर धरून मेडिकलची फी, वसतिगृह आणि खानावळ त्या पगारातून वजा करत होते. तीनतीनदा केलं. दर वेळी पुष्कळ उरत होतं.

आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. खरीच गरिबी असती, तर मला काही वाटलं नसतं.

घरी आले तर मावशी कुंपणाशीच होत्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "बाई, पेपरात आलं. चांगला हाय की पगार! मंग पोरीले नागपूरले काहून नाई धाडून राह्यले?"

आई या वेळी आत पळाली नाही. "विचारते," म्हणाली.

संध्याकाळी बाबा संतापूनच आले. पगार चव्हाट्यावर आणला, म्हणत होते. उद्यापासून फाटकावरचा कामगारही तोंडावर बोलेल. आईने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "अहो, बाकीचे पैसे कुठे जातात?"

"शिल्लक टाकतो. मुलाला विलायतेला पाठवायचंय."

मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो आठवीत होता आणि सहामाहीला गणितात गचकला होता. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. परवडत नाही हे वाक्य आजवर अर्धंच माझ्या कानावर येत होतं. पुढचं 'तुझ्यासाठी' त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं.

आई आवाज न चढवता म्हणाली, "सगळ्या अकोल्याला आकडा कळलाय. मावशी सकाळी पुन्हा विचारतील. परवडत नाही, असं आता मला म्हणता येणार नाही. तुम्हीच जा कुंपणापाशी आणि सांगा त्यांना, ती मुलगी आहे म्हणून पाठवत नाही."

खिडकीतून मावशी दिसत होत्या. अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बाबांनी तिकडे पाहिलं. विधानसभेत त्यांच्या वतीने मंत्री उत्तर देऊन मोकळे झाले होते. इथे त्यांनाच उठून जावं लागणार होतं. ते उठले नाहीत. चहावर साय धरली, तरी बसूनच होते.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "अर्ज कधी करायचा असतो?"