रंभाबाई चिनी हॉटेलात

सात रस्त्यापासून गिरणीकडं जाणाऱ्या वाटेवर रंभाबाईंची खानावळ होती. ही टेंभुर्णीकडची बाई. नवरा गेल्यावर सोलापुरात आली आणि अठरा वर्षं गिरणीकामगारांना भाकरी करून घालत राहिली. तिच्या मटणाच्या रश्श्याला लांबलांबची गिऱ्हाइकं येत. पण चुलीपुढं बसून बसून वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू आला. १९३६ साली अशी पाळी आली, की तव्यावरची भाकरी कधी उलटायची हे वासावरून ओळखावं लागे.

शेजारच्या खोल्यांत तिच्या दोन मैत्रिणी राहत, दोघीही वयानं लहान. विजयमाला दवाखान्यात नर्स होती, तर मैंदर्गीची हेमावती मुलींच्या शाळेत मास्तरीण. विजयमालानं रजा काढली आणि रंभाबाईला मुंबईच्या इस्पितळात नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पुढं जाड भिंगांचा चष्मा लागला. तोवर नाताळची सुटी पडली, आणि हेमावतीही दोघींना न्यायला मुंबईला आली.

परतायच्या आदल्या दिवशी विजयमाला म्हणाली, "अक्का, आज आपण चिनी हॉटेलात जेवायचं."

"आपल्याला कोन बसू देतंय तितं?"

"का नाही देणार? चल तू."

हॉटेल मोठं देखणं होतं. मेजांवर पांढरेशुभ्र कपडे अंथरलेले, छताला लाल कंदील, भिंतीवर रेशमावर भरलेले बगळे. रंभाबाई त्या बगळ्यांपुढंच थबकली. पीसन् पीस दिसत होतं. वर्ष-दोन वर्षांत तिनं इतकं बारीक काही पाहिलंच नव्हतं.

खुर्चीच्या कडेवर ती कशीबशी टेकली. वाढप्या सूपचे वाडगे घेऊन आला तशी पटकन उठली आणि तिनं त्याच्या हातातला वाडगा धरला. तो गोंधळला. "अक्का, बस," हेमावती हळूच म्हणाली. भाताची बशी आली तेव्हाही ती उठायला लागलीच. मग विजयमालानं तिचा हात धरून ठेवला.

"आज तू वाढायचं नाहीस."

"मग हातांचं काय करू गं?"

"जेव की."

काड्या बाजूला ठेवून ती हातानंच जेवू लागली. हेमावती मांस खात नसे, म्हणून तिनं तीनतीनदा विचारून नुसता भात आणि भाजी मागवली होती. रंभाबाईनं मात्र कोंबडीचा घास घेतला आणि थांबली. आलं कळलं, लसूण कळला. पण आणखी एक खारट, काळपट चव होती, ती काही केल्या ओळखू येईना. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"हे रांधलंय कुनी? त्यास्नी जरा बोलवता का?"

वाढप्या आत गेला. थोड्या वेळानं पन्नाशीचा एक चिनी आचारी पंच्याला हात पुसत बाहेर आला. त्याला मोडकीतोडकी हिंदुस्तानी येत होती. कसली तरी डाळ मिठात घालून वर्षभर मुरवायची, तिचं ते पाणी, एवढं त्यानं हातवारे करून सांगितलं. रंभाबाईनं मान हलवली. मुरवणं तिला कळत होतं. मग आचाऱ्याची नजर तिच्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागांवर गेली. त्यानं स्वतःची बाही वर केली. तसेच डाग, कोपरापर्यंत.

"तुम किधर पकाता?"

"सोलापूर. मिलवाले लोगां खाते."

"तुम कब खाता?"

"सबके बाद."

तो हसला नाही. "हम पहले. भूखा आदमी का नमक बिगडता."

तो आत निघून गेला. रंभाबाई पुन्हा जेवू लागली. अन्न अजून गरम होतं. ती सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवली.

सोलापुरात आल्यावर तिसऱ्या दिवशी खानावळ उघडली. दुपारी भोंगा झाला, माणसं आली. पाहतात तर रंभाबाई चुलीपाशी ताट घेऊन जेवत बसलेली. गरम भाकरी, शेंगाची चटणी, वाटीत रस्सा.

गिरणीत साच्यावर कापड विणणारा सिदू दारातूनच म्हणाला, "मावशी, आमी आलोय की."

"दिसतंय मला. हात धुवा नि बसा. माजं झालं की वाढते."

"आज तब्येत बरी न्हाय व्हय?"

"बरी हाय. भूक लागली हुती."

सिदू इतरांकडं बघत भिंतीला टेकून बसला. एकदोघं कुरकुरले. रंभाबाईनं भाकरीचा शेवटचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला, हात धुतले, पदर खोचला आणि पहिलं ताट सिदूपुढं ठेवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आठवडाभरात माणसं आपणहून दहा मिनिटं उशिरा येऊ लागली.