शेजारच्या काकांचं ‘आने दे’

अख्ख्या बुऱ्हाणपुरात शेजारच्या काकांना विचारल्याशिवाय एकही गाडी मागे गेलेली नाही, आणि ज्या गेल्या त्या कशाला तरी धडकल्याच. काकांचा धंदा केळीचा. ट्रकच्या मागे उभं राहून ‘आने दे, आने दे... काट, काट... बस!’ ओरडण्यात जन्म गेला. पण सवय ट्रकवर थांबेल तर ते काका कसले! न्हावी वस्तरा लावायचा, की काका आरशात बघून त्याला ‘आने दे’. लग्नात नवरदेव हार घालायचा, की मांडवातून ‘थोडा लेफ्ट काट!’ जिलेबीवाला तर काका दिसले की कढईसमोर आडवाच उभा राहायचा. मी गल्लीभर त्यांची नक्कल करायचो. काका मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "बेटा, ‘बस’ तू जल्दी म्हणतोस. गाडी अर्धा हात दूर राहील."

मग काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. पाय बधिर होत चालला होता. नाही केलं तर चालणं बंद, आणि करताना हत्यार जरा सरकलं तरी तेच. मी दोघांना गाडीतून इंदूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हत्याराचं टोक आत कुठं पोचलंय ते बाजूच्या पडद्यावर सारखं दिसत राहतं. मग प्लॅस्टिकच्या मणक्यावर करूनही दाखवायला लागले. पडद्यावर हिरवी रेघ सरकायला लागली आणि काकांना राहवेना.

"आने दे, आने दे... काट... बस!"

डॉक्टरांचा हात खरंच थांबला.

काकू म्हणाल्या, "साहेब, ऑपरेशन करा. फक्त ह्यांना आत घेऊ नका."

ऑपरेशनच्या दिवशी काका बाहेर बाकावर बसले ते गप्पच. समोर अँब्युलन्स मागे येत येत कुंडीला भिडली, तरी तोंडातून शब्द नाही. मला बघवेना. मीच उठून त्यांच्या आवाजात ओरडलो, "आगे ले, आगे ले!" काकांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"आत डॉक्टरला कोण सांगत असेल रे?"

"पडदा आहे ना, काका."

"पडदा दाखवतो. ‘बस’ कोण म्हणतं?"

काकू घरी आल्या त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच गाडीतून उतरल्या. काठी धरून, पण स्वतःच्या पायांवर. काका त्यांच्यासमोर दोन्ही हात पसरून उलटे चालत होते. आवाज बंद.

"अहो, गप्प काय? बोला की!"

"आने दे," काका कसंबसं म्हणाले, "आने दे... आने दे..."

ओटा आला, उंबरा आला, काकू पार आत जाऊन पलंगावर बसल्या. काकांचं ‘बस’ म्हणायचं राहूनच गेलं.

त्यांची बाकी सगळी नक्कल मला येते. तेवढं एक ‘आने दे’ अजून जमत नाही.