एक फेरी, एक फूट

संगमनेरहून निघताना आईनं माझ्या हातात दोन पिशव्या दिल्या आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली. ‘येताना कुसुमला घेऊनच ये.’ पिशव्यांत भाजणी होती, शेंगदाण्याची चटणी होती, आणि कुसुमला आवडतात म्हणून तिळाचे लाडू, तेही ऐन उन्हाळ्यात. कुसुम माझी धाकटी बहीण. भांडुपच्या कारखान्यात नोकरीला असलेला तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, तरी ती मुलुंडची खोली सोडून माहेरी यायला तयार नव्हती. तिथल्या टेकडीवरच्या वस्तीत ती बालवाडी चालवत होती. मी पंधरा वर्षं शाळेत शिकवलेली बाई, दिलेलं काम पुरं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. सुट्टी लागल्यावर चौथ्या दिवशी मी एस.टी.त बसले.

घोटीला चहा झाला, कसारा घाट उतरताना शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर झोप काढली, आणि मुलुंडच्या चेकनाक्यावर आमची गाडी ट्रकांच्या रांगेमागे पाऊण तास उभी राहिली. मुंबईत शिरायलाच ताटकळावं लागतं, तिथं राहणारे कसे राहत असतील, हा विचार मी मनाशी पक्का करून ठेवला. बहिणीला समजावताना उपयोगी पडेल म्हणून. पण कुसुम नाक्यावर आली होती ती हसत हसत, आणि तिच्याबरोबर एक उंच, वाळकासा गृहस्थ होता. त्यानं काही न विचारता माझ्या दोन्ही पिशव्या घेतल्या.

‘हे सावंतभाऊ,’ कुसुम म्हणाली. ‘माझ्या शेजारचे. गिरणी सुटल्यापासून रिक्षा चालवतात.’

‘रविवारी आमच्यावांगडा धावतलास मा, बाई?’ सावंतभाऊंनी मला विचारलं. (आमच्यावांगडा म्हणजे आमच्याबरोबर. सावंत कणकवलीकडचे.)

मी म्हटलं, धावायला मी काय चोरी केलीय?

धावण्याची भानगड मला रात्री जेवताना कळली. टेकडीवर नळ नाही. बायका खालून हंडे भरून आणतात, आणि हंडा पुरला नाही की मुलं दगडाच्या खाणीत साचलेलं पाणी पितात. त्या पाण्यानं फाल्गुनात पोरांना कावीळ झाली. शांता नावाच्या बाईचा बाळू तर महिनाभर अंथरुणाला खिळला होता. तो वाचला, पण शांतानं त्याला बालवाडीत पाठवणं बंद केलं, आणि तिचं बघून बाकीच्या आयांनीही. ‘पोर तुझ्याकडं चार तास असतं, आणि पाणी खाणीचं पितं,’ शांता म्हणाली होती. तीस मुलांची बालवाडी सहा मुलांवर आली होती. जूनपर्यंत नळ आला नाही तर कुसुमला ती बंद करावी लागणार होती.

वर्षभर खेटे घालून कुसुमनं नळजोडणीचा परवाना मिळवला होता. अडलं होतं पाइपवर. टेकडीच्या पायथ्यापासून बालवाडीपर्यंत सहाशे फूट पाइप लागणार होता. तेव्हा ह्या लोकांनी एक युक्ती काढली. रविवारी सकाळी लोकांनी टेकडीखालच्या रस्त्याला फेऱ्या मारायच्या, आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांनी दर फेरीला एक फूट पाइप द्यायचा. एक फेरी, एक फूट. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, जिथं जिथं सावंतभाऊंच्या ओळखी होत्या तिथून साठजण यायचे होते. प्रत्येकी दहा फेऱ्या मारल्या की हिशेब पुरा.

‘आणि नाही झाल्या तर?’ मी विचारलं.

‘तर तुझ्याबरोबर येते मी संगमनेरला,’ कुसुम म्हणाली आणि ताटातली भाजी चिवडत बसली.

खरं सांगते, माझ्या मनात आनंदाची एक उकळी फुटली. वाचकांना माझा राग येईल, पण ज्यानं आपलं माणूस खुशीनं दूर राहू दिलंय त्यानंच पहिला दगड मारावा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कुसुमनं मला नाहूरकडच्या एका वाडीत नेलं. मुलुंडहून चालत अर्धा-पाऊण तास. कौलारू घरं, दारात क्रूस, मागं भाताची उन्हाळलेली खाचरं, आणि बायका अस्सल मराठी बोलणाऱ्या. मुंबईच्या पोटात असं गाव असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं. तिथल्या फिलोमिनाबाई साठीच्या. गुडघ्यावर लुगडं, कानात जड सोनं, आवाज पाटलाचा. त्यांनी आमच्यापुढं फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे) ठेवले. मी सात खाल्ले. कुसुमनं सहावा मोजल्यावर माझ्याकडे पाहिलं होतं.

वाडीची विहीर त्या मुलखात नावाजलेली. धावणाऱ्यांना पिण्यासाठी तिथलं पाणी मिळेल का, हे विचारायला आम्ही गेलो होतो.

‘पोरांच्या पान्याचं काम ना?’ फिलोमिनाबाई म्हणाल्या. ‘मग पानी मी आनते. तू काय बी बगू नको.’

कुसुमनं खरोखरच काही बघितलं नाही, आणि तिथंच घोळ झाला.

रविवारी पहाटेच सावंतवहिनींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ मांडली. उपाशीपोटी पळू नये, असं त्यांचं मत. भरल्या पोटी पळता येत नाही, असं माझं. त्यांचं मत पातेल्यासकट हजर असल्यामुळे जिंकलं. टेकडीखाली दोन बांबूंना कापडी फलक लावला होता: ‘मुलांच्या पाण्यासाठी धावा.’ माणसं येत गेली. घाटकोपरच्या व्यायामशाळेतली आठ दांडगी मुलं, अंधेरीच्या बँकेतले कारकून, बोरिवलीचे एक डॉक्टर, तेही पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. खुर्चीवर बाजाराच्या वतीनं भाणजीशेठ बसले. ते लोखंडी सामानाचे व्यापारी, पाइप त्यांच्याच दुकानातून यायचा होता. कुसुमनं घमेलं आणि चिंचोके घेतले. बालवाडीत ती मुलांना चिंचोक्यांनीच मोजायला शिकवते. एक फेरी झाली की एक चिंचोका घमेल्यात. रस्ता नऊ वाजता मोकळा करायच्या बोलीवर मिळाला होता. साडेसहाला शिट्टी वाजली.

टेकडीवर, झोपड्यांच्या दारांत, आया उभ्या होत्या. एकही खाली आली नाही. शांता कोणती ते कुसुमनं मला दाखवलं. हिरवं पातळ, कडेवर अशक्त पोर.

दुसरी फेरी सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी बँड वाजला.

ताशा, सॅक्सोफोन, पितळी तुताऱ्या. त्यांच्यामागे वाडीच्या वीस-बावीस बायका ठेवणीतली लुगडी नेसून, आणि सगळ्यांत पुढं डोक्यावर हार घातलेला तांब्याचा हंडा घेऊन फिलोमिनाबाई. ह्या लोकांत लग्नाच्या आधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, हे मला नंतर समजलं. त्या घटकेला एवढंच समजलं की रस्ता अरुंद आहे, बँड सावकाश चालतोय, आणि आमचे साठ धावणारे त्याच्यामागे अडकलेत.

‘पुढं जा की रे!’ मी ओरडले.

‘भरल्या हंड्याक मागे टाकून जावचा नाय, बाई,’ सावंतभाऊ म्हणाले आणि हात जोडून चालायला लागले.

हे कमी होतं म्हणून की काय, घाटकोपरच्या एकानं हात वर केले. ‘आयला, झकास वाजवतायत यार!’ आणि तो नाचायला लागला. झालं. मुंबईच्या माणसाला बँडमागे नुसतं चालता येत नाही. व्यायामशाळा नाचली, बँक नाचली, डॉक्टर रुमाल फिरवत नाचले. बँडवाल्यांनाही चेव आला, ते जागच्या जागी उभे राहून वाजवू लागले. पाऊण तास! घड्याळात आठ वाजले आणि घमेल्यात चिंचोके होते दीडशे.

कुसुम घमेल्यापाशी बसून होती. रडत नव्हती, हे वाईट होतं. लहानपणापासून ती फार दुखलं की रडत नाही. ‘वाट लागली, ताई,’ ती हळूच म्हणाली. मला हवं होतं तेच होत होतं, आणि मला त्याची इतकी लाज वाटली की मी फिलोमिनाबाईंच्या अंगावर जवळजवळ धावूनच गेले.

‘अहो, ही शर्यत आहे, वरात नाही! बँड कुणी आणायला सांगितला?’

‘पानी आनायचं आनि बँड नाय?’ त्या चकित होऊन म्हणाल्या. ‘आमी लगनाचं पानी मुक्यानं आनतो काय? हे तर पोरांचं पानी, गं बाय!’

मी घड्याळ त्यांच्यापुढं धरलं, त्यांनी ते कौतुकानं पाहिलं. शाळेत असं क्वचित होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर ओढला. हिरवं पातळ. बँडच्या आवाजानं टेकडी खाली आली होती. पस्तीस-चाळीस बाया, कुणी केस बांधत, कुणी पीठ माखल्या हातांनी. शांतानं बाळूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि कुसुमला विचारलं, ‘फेरी पळतच मारावी लागती का? चालत मारली तर?’

कुसुमनं भाणजीशेठकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

शेठनी टोपी काढून घाम पुसला. ‘बेन, पाइपला काय समजते, कोन धावला ने कोन चालला?’

शांतानं बाळूला कुसुमच्या मांडीवर ठेवलं आणि चालायला लागली. बाकीच्या तिच्यामागे. रोज दोन हंडे घेऊन टेकडी चढणाऱ्या ह्या बायका, रिकाम्या डोक्यानं सपाट रस्त्यावर त्या अशा सुटल्या की बँकवाले मागे पडले. सावंतभाऊंनी नाचणाऱ्यांना शिव्या घालून पळायला लावलं. फिलोमिनाबाईंनी बँड कोपऱ्यावर बसवला, ‘आता जलद वाजवा’ म्हणून दम दिला, हंडा उतरवला आणि येईल त्याच्या ओंजळीत पाणी घालत राहिल्या. मीही पदर खोचला. कालचे सात फुगे आणि चार घावणे पोटात घेऊन मी दोन फेऱ्या पुऱ्या केल्या. तिसरीच्या अर्ध्यात असताना नऊची शिट्टी झाली आणि मी रस्त्यातच बसले. अर्ध्या फेरीला चिंचोका मिळत नाही.

कुसुमनं घमेलं दोनदा मोजलं. पाचशे बहात्तर. अठ्ठावीस कमी.

भाणजीशेठ उठले. ‘अठ्ठावीस फूट माझ्याकडून. बस.’

‘नको,’ शांता म्हणाली. तिला अजून धाप लागत होती. ‘बोली फेरीची हुती. जेवढं चाललो तेवढं आमचं. दान घेतलं तर उद्या कुनीबी म्हनंल, नळ आमचा हाय.’

‘अगं, पण नळ शाळेपर्यंत पोचायचा नाही,’ मी म्हटलं. ‘अठ्ठावीस फूट खालीच राहील.’

सावंतभाऊंनी टेकडीकडे पाहिलं. बालवाडी म्हणजे काय, सहा बांबू, चार पत्रे आणि एक फळा. ‘मगे शाळाच खाली हाडुया,’ ते म्हणाले. (हाडुया म्हणजे आणूया.)

आधी सगळे हसले, मग हसायचे थांबले, आणि मग बायका टेकडी चढायला लागल्या.

त्याच दुपारी त्यांनी बालवाडीचे बांबू-पत्रे सोडवले. घाटकोपरच्या आठजणांनी पत्रे डोक्यावर घेतले, डॉक्टरांनी फळा धरला, शांतानं जागा झाडून सारवली. फूटपट्टी मात्र मी धरली, ते काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. संध्याकाळपर्यंत शाळा अठ्ठावीस फूट खाली उभी होती, जराशी कलती, पण उभी. भाणजीशेठ म्हणाले, ‘तोटी तरी माझी घ्या. ते कोनत्या फेरीमदे बसते?’ त्यावर शांतानं हसून मान डोलावली. पितळी तोटी शेठकडून आली.

मी दोन दिवसांसाठी गेले होते, अकरा दिवस राहिले. दहाव्या सकाळी पाणी सुटलं. आधी नुसती हवा फुरफुरली, मग तांबडं गढूळ, मग स्वच्छ. शांतानं बाळूचा हात धरून तोटीखाली नेला, त्यानं ओंजळ तोंडाला लावली, आणि ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, घोट खाली उतरेपर्यंत. मग तिनं त्याची पाटी कुसुमच्या हातात दिली. त्या दिवशी पटावर एकोणतीस मुलं होती. कुसुम तेव्हा रडली. मीही रडले. फिलोमिनाबाईंनी बँड आणला नव्हता, ही त्यांना आयुष्यभर रुखरुख राहील असं त्या म्हणाल्या.

परतताना मला चेकनाक्यावर पोचवायला अर्धी टेकडी आली होती. मी कुसुमला ‘चल’ म्हटलं नाही. मी माझी बहीण त्या माणसांत सोडून येत होते, आणि मला त्यांच्याकडून काही हिरावलं गेल्यासारखं वाटत नव्हतं, उलट ज्या तीन वर्षांत आम्ही तिच्याजवळ नव्हतो त्या तीन वर्षांत तिला सांभाळल्याबद्दल एकेकाच्या पाया पडावंसं वाटत होतं. सावंतभाऊंच्या पडलेही. ते लाजून रिक्षात जाऊन बसले.

संगमनेरला पोचले तेव्हा आई ओट्यावर होती. तिनं माझ्या मागं पाहिलं, आणखी मागं पाहिलं. मग पाणी आणून दिलं. मी पाय न धुताच बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बँड सांगितला, चिंचोके सांगितले, शांता सांगितली, कुसुम येणार नाही हेही सांगितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

‘मला का नाही नेलंस गं?’ ती म्हणाली. ‘शाळा एक फूट तरी कमी सरकवावी लागली असती.’