नाना, उतार आहे का?

आमच्या टेकडीवर झाड जगवायला घाम गाळावा लागतो, किस्से मात्र आपोआप उगवतात! मी धुळ्याला मनाच्या डॉक्टर मॅडमकडे रिसेप्शनला बसते. रविवारी मॅडम आणि काही पेशंट सोनगीरजवळच्या एका उघड्याबोडक्या टेकडीवर चर खणतात, झाडं लावतात. मी नुसती बघायला गेले होते. आता हाताला घट्टे पडलेत.

हे सगळं नाना या आमच्या पेशंटमुळे. नानांचा मुलगा संजू हायवेवर अपघातात गेला. तेव्हापासून नानांची झोप उडाली, बोलणं हो-नाहीवर आलं. मॅडमनी एकदा विचारलं, "नाना, काही उतार आहे का?"

"उतार त भलता शे मॅडम, म्हनीसनच पानी थांबत नही!"

मॅडम आजाराचं विचारत होत्या, नाना घरामागच्या टेकडीचं सांगत होते! पण वाक्य अख्खं होतं. मॅडम पुढच्याच रविवारी टेकडी बघायला गेल्या.

*

आमचे दुसरे पेशंट शेठजी, कापडाचे व्यापारी. छातीत धडधड व्हायची, दुकानात बसवेना. डोक्याच्या डॉक्टरकडे जातो हे घरी सांगायची लाज! म्हणून दर रविवारी, "प्लॉट बघून येतो."

एका रविवारी मेहुणे सहकुटुंब प्लॉट बघायला हजर! शेठजींच्या डोक्यावर मातीचं घमेलं. मला वाटलं, आता हे पळतात.

"हाच प्लॉट," शेठजी म्हणाले. "इथं आलो की रात्री झोप लागते."

मेहुण्यांनी बाह्या सरसावल्या. मग म्हणाले, "आणखी एक घमेलं आहे का?"

*

याच शेठजींनी एकदा विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय. गोळ्या बंद करू?"

मॅडमनी शेठजींनीच लावलेल्या कडुनिंबाकडे बोट केलं. "याला पालवी फुटलीय. पाणी बंद करायचं?"

तेव्हापासून शेठजी गोळी घेतली की बायकोला ओरडून सांगतात, "पाणी घातलं!"

*

चरांत पाणी मुरलं आणि एके दिवशी उतारावर गुडघाभर गवत! आम्ही कुणीच पेरलं नव्हतं. नाना त्यातून हात फिरवत विचारत होते, "हाई कोनी पेरं?"

त्या करपलेल्या मातीत बी इतकी वर्षं जिवंत होतं, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. मॅडम चप्पल काढून अनवाणी त्या गवतात उतरल्या.

*

नाना काम करायचे ते पायथ्याशीच. माथ्यावरून हायवे दिसतो, म्हणून वर कधीच जात नसत. आम्हीही आग्रह केला नाही.

मागच्या रविवारी आम्ही पोचलो तर नाना नाहीत. घरी नाहीत, चरांपाशी नाहीत. पायथ्याला जुनी विहीर आहे. शेठजी तिकडेच धावले. विहिरीत डोकावून त्यांनी 'नाहीत' अशी मान हलवली, तेव्हा कुठे मला श्वास घेता आला.

मग मॅडमचं लक्ष वर गेलं. माथ्यावर नानांची पांढरी टोपी!

आम्ही धापा टाकत चढलो. नाना हायवेकडे तोंड करून बसले होते. शेजारी पाण्याचा रिकामा डबा, समोर नुकतं लावलेलं चिंचेचं रोप. मॅडमनी विचारलं, "नाना... उतार आहे का?"

नानांनी पायथ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"उतार शे. पन घाई नही. बठा जरासा. मना संजू कथा गया, ते दखाडस तुमले."

संजू कुठे गेला, ती जागा दाखवायला त्यांनी हायवेकडे बोट केलं. आम्ही बसलो.