सॅन फ्रान्सिस्को किती लांब

खराडीतल्या कंपनीने मला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, तेव्हा आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. वडिलांनी मात्र भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला पट्टी लावली. पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस तो. मुंबईच्या विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापर्यंतचं अंतर त्यांनी मोजून काढलं.

मी वैतागलो. "अहो बाबा, पृथ्वी गोल आहे. विमान काय तुमच्या पट्टीवरून जातं?" कॉम्प्युटरवर मी त्यांना खरा आकडा दाखवला. तो बराच कमी होता. मला वाटलं, खूश होतील.

"किलोमीटर राहू देत," ते म्हणाले. "तिथल्या घरातून निघून या दारात यायला किती तास?"

"तिकीट लगेच मिळालं तर तीस."

त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तीस लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. तेव्हा त्यांची तब्येत अगदी ठणठणीत होती.

निघायच्या आदल्या दिवशी मी मंडईतून भाजी घेऊन जिना चढत होतो. वर दारात वडील शेजारच्या काकांना सांगत होते, "तीस तास मला बर्फावर ठेवायचं नाही. अग्नी तुम्ही द्या. आणि त्याला फोन सगळं उरकल्यावर करा. आधी केलात तर उगाच धावत सुटेल."

काकांनी मान हलवली. तेवढ्यात वडिलांना मी दिसलो.

"भेंडी कोवळी आहे ना?" त्यांनी विचारलं.

काकांनी मला अमेरिकेत एकदाच फोन केला.